समुद्रातील वाम माशाच्या आहाराचा शोध: सांगलीतून माझा अनुभव

सांगलीत ‘वाम’ म्हटले की पाठीवर काट्यांची रांग असलेला कृष्णेतला मासा डोळ्यांसमोर येतो. तो मासा ‘ईल’ या सापासारख्या लांब माशांच्या गटातला खरा ईल नव्हे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी निवडलेली समुद्री वाम, म्हणजे म्युरेनेसॉक्स सिनेरियस, मात्र खरी ईल आहे. तिच्या अंगावर खवले नसतात, पाठीपासून शेपटीवरून पोटाकडे गेलेला पर एकच सलग असतो, आणि टाळूच्या मध्यावरील मोठ्या अणकुचीदार दातांवरून ती शिकारी आहे हे लगेच कळते.

पहिले मासे मी सांगलीच्या बाजारातूनच घेतले. रत्नागिरीहून बर्फात रात्रभर प्रवास करून आलेल्या त्या माशांच्या जठरात राखाडी लगद्याखेरीज काहीच ओळखता येईना, कारण मासा मेल्यानंतरही पाचक रस आपले काम करीत राहतात आणि बर्फाने ते मंदावते, थांबत नाही. म्हणून मी पहाटे रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जाऊ लागले. मासे कापणाऱ्या मावशींनी जठरे बाजूला काढून ठेवण्याचे कबूल केले, आणि त्यांच्या या मदतीशिवाय हे काम झाले नसते. प्रत्येक जठर दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधून, माशाची लांबी पेन्सिलने लिहिलेल्या चिठ्ठीसह मी फॉर्मालिन या नमुने टिकवणाऱ्या द्रावणात ठेवत असे. शाई त्यात टिकत नाही.

तरीही एक चूक झालीच. वामीने खाल्लेल्या माशांची जात ओळखायला उपयोगी पडणारे, त्यांच्या कानातले चुन्याचे खडे आम्लयुक्त फॉर्मालिनमध्ये झिजून गेले. मार्गदर्शक बाईंनी सांगितल्यावर पुढच्या बरण्यांत मी आम्लता घालवणारा टाकणखार घातला, तेव्हा कुठे खडे शाबूत मिळाले.

सूक्ष्मदर्शकाखाली कोळंबीच्या डोक्यावरचा करवती काटा, खेकड्याच्या नांग्यांचे तुकडे आणि लहान माशांचे मणके दिसू लागले, तेव्हा या माशाचे घरही उलगडत गेले. तो सुमारे १०० मीटर खोलीपर्यंतच्या मऊ, चिखलाळ तळावर आणि खाड्यांत राहतो, आणि त्याचे भक्ष्यही मुख्यतः त्याच तळावरचे असते. रिकामी जठरे मी तक्त्यात वेगळ्या रकान्यात नोंदवली, कारण जाळे वर ओढताना मासा खाल्लेले ओकून टाकू शकतो आणि रिकामे जठर म्हणजे उपाशी मासा असे धरून चालत नाही. तोंडी परीक्षेत सर्वाधिक प्रश्न त्याच रकान्यावर आले.