इरकलीचा काठ आणि राजारामपुरीतला हॉल

मी कोल्हापुरात इंटिरियरची कामं करते, बारा वर्षं होत आली. आजवर बरीच घरं झाली पण एका दिवसाने माझी काम करायची पद्धतच बदलली, तो दिवस लिहून ठेवायचा आहे.

राजारामपुरीतला जुना बंगला, खालचा मजला, हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. काकू एकट्याच राहतात, बँकेतून रिटायर झालेल्या. मुलगी बेंगलोरला, तिने मला पिंटरेस्टवरचे फोटो पाठवले होते, सगळे ग्रे आणि पांढरे, चकचकीत, हॉटेलच्या लॉबीसारखे. त्यावरून मी घर कसं दिसेल त्याची थ्रीडी चित्रं करून नेली. काकूंनी चष्मा लावून एकेक व्ह्यू बघितला आणि प्रत्येकाला "छान आहे" म्हणाल्या. खरं सांगते, सगळ्यालाच छान म्हणणारा क्लायंट असला की मला धास्ती वाटते, कारण नापसंती असते ती काम झाल्यावर बाहेर पडते आणि तोवर पैसे गेलेले असतात.

त्या चहा टाकायला आत गेल्या आणि मी नव्या वॉर्डरोबसाठी जुन्या कपाटाचं माप घ्यायला बेडरूममध्ये गेले. हे मी नेहमी करते, कपडे किती, घडीचे किती, टांगायचे किती हे मोजल्याशिवाय आतले कप्पे ठरवता येत नाहीत. कपाट उघडलं तर वेखंडाचा वास, मलमलच्या कापडात बांधलेले गठ्ठे, आणि साड्या. मोजल्या तर चौसष्ट. त्यातल्या निम्म्याहून जास्त इरकल. निळ्या, डाळिंबी, पोपटी, मोरपंखी, आणि प्रत्येकीला तो लाल पदर. चौसष्ट साड्यांत एकही ग्रे नाही, एकही बेज नाही! मी टेप हातात धरून तशीच उभी राहिले. ज्या बाईने आयुष्यभर हे रंग अंगावर घातले तिच्या घराला मी राखेचा रंग द्यायला निघाले होते, आणि ती माझं मन राखायला छान छान म्हणत होती.

मी चहा राहू दे म्हटलं आणि विचारलं, काकू, ह्या साड्या मला दाखवता का? त्यांचा चेहराच बदलला. पलंगावर एकेक उलगडत गेल्या, ही गोमी काठाची, ही चिक्की परास (ही इरकलीच्या काठांची नावं), ही बँकेत जॉइन झाले तेव्हा पहिल्या पगाराची, ही नेसून मी ऑडिटला बसायचे. थ्रीडी बघताना चार शब्द बोलल्या नव्हत्या त्या बाई तासभर बोलत होत्या.

मग त्यांनी मला एक गोष्ट दाखवली जी मला माहीतच नव्हती. इरकलीचा पदर आणि अंग एकाच ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचे, नसतात. अंगाचा ताणा सुती, पदराचा रेशमी किंवा आर्ट सिल्कचा, म्हणजे कृत्रिम रेशमाचा, आणि दोन्ही ताणे मागावर एकमेकांत फासे अडकवून जोडतात, कानडीत त्याला तोपे तेनी म्हणतात. हे काम कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलचं, आपण त्यालाच इरकल म्हणतो. काकूंनी जोडावर बोट ठेवलं, "बघ, दोन वेगळी सुतं आहेत पण कुठं खडबडीत लागतंय का?" लागत नव्हतं. आणि पदरात जिथे लाल नि पांढरं भेटतं तिथे सरळ रेघ नाही, कंगव्याच्या दात्यांसारखे लाल पांढऱ्यात आणि पांढरे लालमध्ये घुसलेले.

आता इथे एक सांगते. साडीवरून घर सजवायचं म्हटलं की बहुतेक लोक खणाचे कुशन कव्हर, खणाची फ्रेम, खणाचं तोरण एवढंच करतात. काकूंनाही मी विचारलं, तर म्हणाल्या, "खण चोळीचा गं, त्यावर बसायचं कशाला?" मला ते शंभर टक्के पटलं. कापड अंगावरच शोभतं, घरात आणायची ती साडीतली मांडणी. साडीत अंग साधं असतं, मोठं आणि शांत, काठ बारीक पण घट्ट, आणि पदर एकदाच येतो. आपण घरात उलटं करतो, चारही भिंतींना पदर लावतो, मग डोळा कुठे टेकवायचा तेच कळत नाही.

मी टेपने साडी मोजली. पन्हा 46 इंच, काठ साडेचार इंच, म्हणजे साधारण दहावा भाग. हॉलची उंची दहा फूट. दहावा भाग म्हणजे एक फूट. मी भिंतीच्या खाली जमिनीपासून एक फुटावर पेन्सिलने रेघ ओढली आणि म्हटलं, काकू, हा काठ. त्या म्हणाल्या, "अगं हे तर आमच्या माहेरी होतं, गेरूचा पट्टा!" आणि खरंच की, गावाकडच्या घरांत तो पट्टा असायचाच, पाणी उडो, फरशी पुसताना फडकं लागो, भिंत घाण दिसत नाही.

अंगाचा रंग मात्र नव्या साडीचा घेतला नाही. सगळ्यात जास्त नेसलेली एक निळी इरकल होती, धुऊन धुऊन निवळलेली, पहाटेच्या आभाळासारखी फिकी. तो रंग भिंतींना. काठ लालसर किरमिजी. आणि साडीचं सूत मंद असतं, काठाला रेशमाची चमक असते, म्हणून भिंती मॅट आणि पट्टा सॅटिन फिनिश. पदर म्हणून एकच भिंत, देवघराच्या शेजारची आतली. बाहेरची पश्चिमेची भिंत मुद्दाम सोडली, कारण कोल्हापूरच्या पावसात तिला ओल येते, आणि गडद रंगावर खार फुटला की पांढरे चट्टे लांबून दिसतात.

एवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आई, भडक नाही का होणार?" काकू शांतपणे म्हणाल्या, "चाळीस वर्षं अंगावर वागवतेय, भिंतीला काय होतंय?" मुलगी थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग तो ऑडिटवाल्या साडीचा लाल घे.

सगळं लगेच जमलं असं नाही. रंगाच्या दुकानात मशीनवर काठ स्कॅन करून शेड काढली, रंगाऱ्याने पट्ट्यावर एक हात मारला आणि तो चक्क विटकरी दिसला. काकू म्हणाल्या, "महाद्वार रोडला साडी घेताना आपण दुकानाच्या दारात उजेडात नेऊन बघतो ना, मग रंग का नाही बघत?" इतकी साधी गोष्ट. दुकानात पांढरी ट्यूब, साडेसहा हजार केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), घरात पिवळे बल्ब तीन हजारचे, दोन्हीकडे लाल वेगळाच दिसतो. पिवळ्या उजेडात तर निळा मरतोच, काळपट होतो. मग आम्ही दोन बाय दोन फुटांचे तीन पॅच मारले, दोन दोन हात देऊन, आणि काकूंनी सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर शेजारी साडी धरून बघितलं. हॉलचे बल्ब बदलून चार हजार केल्विनचे, सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा, नव्वदच्या वरचे घेतले. मधला पॅच पास झाला. आता मी प्रत्येक क्लायंटला आवडत्या कपड्याचा एक तुकडा किंवा ओढणी आणायला सांगते, शेडकार्ड नंतर.

फरशीचं मात्र मनाला लागून राहिलं होतं. आधीच्या प्लॅनमध्ये हॉलच्या जुन्या मोझॅकवर नवी व्हिट्रिफाइड टाइल चढवायची होती. मोझॅक चांगली होती, पांढरट, नुसतं पॉलिश हवं होतं, ती ठेवली. स्वयंपाकघराची फरशी खचली होती, तिथे लाल मॅट टाइल घेतली. प्रश्न उंबऱ्याचा, दोन्ही फरश्या जिथे भेटतात तिथला. एरवी मी पितळी पट्टी मारून मोकळी झाले असते.

गवंडीमामांना इरकलीचा पदर दाखवला. त्यांनी हात लुंगीला पुसले, पदर हातात न घेता लांबूनच वाकून बघितला आणि म्हणाले, "दातं पाडायचं म्हणताय न्हवं? पडतील की." पुठ्ठ्याचा साचा केला. तीन फुटांचा उंबरा, दोन इंची दाते, नऊ लाल आणि नऊ पांढरे, प्रत्येक सहा इंच लांब. मोझॅक जागेवरच ग्राइंडरने कापायची म्हणजे एक कोपरा उडाला तर सगळं गेलं. मामांनी पूर्ण दिवस त्या तीन फुटांवर घालवला, मध्ये मध्ये पाणी मारत, धूळ उडू न देता, आणि दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. जुनी टाइल जाड, नवी पातळ, म्हणून खालचा मसाला वाढवून लेव्हल एक केली. पाचला शेवटचा लाल दाता बसला. त्यांनी ओल्या फडक्याने पुसून घेतलं तेव्हा तो जोड असा उठून दिसला की बिगारी पोरगंसुद्धा हातातलं घमेलं खाली ठेवून बघत उभं राहिलं.

जोड सुकल्यावर तिसऱ्या दिवशी काकू चप्पल काढून आल्या, अनवाणी पायाचा तळवा त्या दात्यांवरून सावकाश फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. "कुठं ठेच लागत नाही," म्हणाल्या, आणि मामांसाठी चहा टाकायला आत गेल्या.