पाठीवरचे छिद्र

१४ महिन्यांचा तो मुलगा दीड महिन्यात दुसऱ्यांदा तापाने फणफणलेला आणि मान ताठ झालेला असा आमच्या बालरोग विभागात आला, तेव्हाच पहिल्या खेपेला आपल्याकडून काहीतरी राहून गेले, असे मला वाटू लागले. त्या वेळी बाहेर आधीच प्रतिजैविकांची इंजेक्शने झालेली असल्याने पाठीतल्या पाण्याच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, काहीच वाढले नव्हते. त्या पाण्यातल्या पेशी आणि साखर पाहून आम्ही मेंदूज्वर धरून १० दिवस सेफ्ट्रायॅक्झोन हे प्रतिजैविक दिले आणि बाळ खेळत घरी गेले.

या वेळी पाठीतले पाणी तांदळाच्या धुवणासारखे गढूळ निघाले. पेशी २,४००, त्यातील बहुतेक न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. साखर अवघी १४, रक्तात मात्र ९६. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला, "ई. कोलाय वाढलाय. नमुना नीट घेतला होता ना?" प्रश्न रास्त होता, कारण हा जंतू नवजात अर्भकांच्या मेंदूज्वरात भेटतो, या वयात सहसा नाही. पण ग्रॅम स्टेनमध्येही, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरही, पूपेशींच्या सोबतीने तेच गुलाबी दंडाणू दिसले होते. मग आतड्यातला जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत आला कोणत्या वाटेने?

मी बाळाला पालथे करून उजेडात पाहिले. कमरेच्या मधोमध, नितंबांच्या घडीच्या बरेच वर, टाचणीच्या डोक्याएवढे छिद्र होते आणि त्याच्या काठाशी चार-पाच लांब केस. आजी लगेच म्हणाल्या, "ते जन्मापासूनच आहे, डॉक्टर. मालीश करताना तिथं तेल मुरतं, कधी झबल्याला डागही पडतो." त्यांना हे कुणी विचारलेच नव्हते. पाठीतले पाणी काढायला मी स्वतः त्या छिद्रापासून दोन बोटे वर सुई घातली होती, आणि पहिल्या खेपेच्या केसपेपरवर माझ्याच अक्षरात 'पाठ : नॉर्मल' असे लिहिलेले आहे.

छिद्रात सळई घालून खोली पाहण्याचा मोह निवासी डॉक्टरांना झाला, तो मी तिथेच थांबवला. त्याने संसर्ग आत ढकलला जातो. एमआरआयमध्ये त्वचेपासून मज्जारज्जूच्या आवरणापर्यंत गेलेली नळी स्पष्ट दिसली. जन्मजात डर्मल सायनस. लंगोटाजवळची जागा असल्याने ई. कोलायचाही उलगडा झाला. मेरोपेनेम या प्रतिजैविकाचे २१ दिवस पूर्ण झाल्यावर न्यूरोसर्जनांनी ती नळी मुळासकट काढली.

घरी जाताना आजींनी विचारले, मालीश कधी सुरू करायची? टाके सुकल्यावर, मी म्हणालो.