वायोमिंगमध्ये घोड्यावरून एल्कची शिकार: आउटफिटर ठरवण्याआधी त्याचे घोडे बघा

आउटफिटरला, म्हणजे पैसे घेऊन घोडे, कँप आणि गाइड पुरवणाऱ्या माणसाला, फोन केल्यावर "यश किती टक्के?" हा पहिला प्रश्न विचारू नका. पहिला प्रश्न घोड्यांचा विचारा. घोडे कुणाचे? वर्षभर त्याच्याचकडे असतात की सीझनपुरते भाड्याने आणतो? ओझ्याच्या घोड्यांची रांग कोण चालवतो, आणि तो माणूस त्याच्याकडे किती वर्षं आहे? अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या टीटन वाइल्डरनेस या राखीव रानातून परतल्यावर, मांड्या आणि गुडघे अजून ठणकत असताना हे लिहितोय. आम्हाला एल्कचा, म्हणजे तिथल्या अवाढव्य हरणाचा, मोठा नर मिळाला आणि तो आनंद अजून अंगात आहे. तरीही ज्याने आम्हाला नेलं त्याच्याकडे मी पुन्हा जाणार नाही. त्याचं नाव इथे देत नाही, पण त्याच्यासारखा दुसरा कसा ओळखायचा ते सांगतो.

आधी हे, की आउटफिटर घ्यावाच का लागतो. वायोमिंगच्या कायद्याप्रमाणे राज्याबाहेरच्या माणसाला वाइल्डरनेस म्हणून घोषित झालेल्या भागात एल्क, हरीण किंवा अस्वलाची शिकार परवानाधारक गाइडशिवाय करता येत नाही. ओळखीचा वायोमिंगकर असेल तर तो रहिवासी-गाइड म्हणून सोबत येऊ शकतो, पण त्याला पैसे घेता येत नाहीत. कोलोरॅडो किंवा मोंटानात अशी सक्ती नाही. तिथे दणकट मंडळी स्वतःच्या पाठीवर तंबू घेऊन जातात, किंवा आउटफिटरकडून फक्त सामान वर पोचवून घेतात. म्हणून कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला राहणाऱ्यांनी आधी स्वतःला विचारावं, की वायोमिंगच का? आमचं उत्तर यलोस्टोनच्या दक्षिणेचा तो प्रदेश हे होतं. तिथे गाडी जात नाही, सायकल चालत नाही, यांत्रिक करवतही चालत नाही, आणि सप्टेंबरच्या शेवटी नरांचं ओरडणं दरीच्या दोन्ही अंगांनी ऐकू येतं. त्यासाठी एवढा खटाटोप करावा, असं मला आजही वाटतं.

आम्हाला मिळालेले भाव माणशी 8,000 ते 12,000 डॉलरच्या दरम्यान होते, दोन शिकाऱ्यांमागे एक गाइड या हिशेबाने. आम्ही मधला भाव घेतला. फोनवर सांगितलं गेलं की ट्रेलहेडपासून (जिथे गाडीरस्ता संपून वाट सुरू होते) कँप "चारेक तास" आहे आणि शिकार बहुतेक कँपच्या आसपास पायी होते. प्रत्यक्षात टर्पिन मेडोच्या ट्रेलहेडवरून सकाळी निघालो आणि कँपवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. पुढे रोज पहाटे काळोखात दोन तास घोड्यावर आणि रात्री तितकंच परत. सह्याद्रीत रात्रीचे ट्रेक केलेल्यांना चालण्याची भीती नसते, पण खोगिरावर रोजचे चार-पाच तास हा वेगळाच मामला आहे. जायच्या आधी महिनाभर तरी आठवड्यातून एकदा दोन तासांची रपेट करा. गुडघे दुखायला लागले की समजा रिकिबी आखूड आहेत. तिथल्या तिथे थांबवून लांब करून घ्या, "कँपवर बघू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

आता ती उतरण. कँपच्या वाटेवर एका सोंडेवरून ओढ्यात उतरणारा घसाऱ्याचा टप्पा आहे, मुरूम आणि सुटे दगड, नागमोडी वाट, एका अंगाला जळून गेलेली पाइनची झाडं आडवी पडलेली. 1988 च्या आगीत यलोस्टोनच्या भोवतालचं प्रचंड जंगल जळालं, त्यानंतरही आगी लागतच राहिल्या. त्यामुळे अशा वाटांवर पडलेले ओंडके सतत असतात. चांगल्या माणसाने नेलं तर हा टप्पा अवघड आहे, जीवघेणा नाही.

आमच्या रांगेत काय झालं ते नीट सांगतो, कारण तुम्हाला ट्रेलहेडवर उभं राहून पाच मिनिटांत तपासता येईल अशी ही गोष्ट आहे. ओझ्याचे घोडे एकामागे एक बांधतात. मागच्या घोड्याची दोरी पुढच्याच्या खोगिराला थेट बांधायची नसते. खोगिराच्या मागे बारीक सुतळीचा एक फास ठेवतात आणि दोरी त्या फासाला बांधतात. एखादा घोडा घसरला तर सुतळी तुटते, तो एकटा पडतो, बाकीचे उभे राहतात. आमच्या रांगेत सुतळी नव्हतीच. दोरी सरळ लाकडी खोगिराच्या दुबेळक्याला पक्क्या गाठीने बांधलेली. तिसऱ्या वळणावर शेवटच्या घोड्याचे मागचे पाय सुटले, त्याने पुढच्याला खेचलं, त्याने त्याच्या पुढच्याला. तीन घोडे एकमेकांवर पडत ओंडक्यांपर्यंत गेले. एकाची मांडी फाटली, सामानाचा एक पेटारा फुटला, आमच्या झोपायच्या पिशव्या ओढ्यात. घोडे सांभाळायला हाताखालचा पोरगा होता, विशीतला, त्याचा पहिलाच सीझन. त्याचे हात थरथरत होते आणि दोरी कापायला चाकू सापडत नव्हता. दोष त्याचा नाही. त्याला ती रांग एकट्याने सोपवणाऱ्याचा आहे.

त्याच उतरणीवर माझ्या मित्राचं खोगीर पुढे मानेवर सरकलं. मी मागून ओरडलो, "अरे उतर, डोंगराच्या बाजूला उतर!" तो वरच्या अंगाला उतरला म्हणून वाचला. तंग ढिला होता. तंग आवळताना घोडा पोट फुगवतो, म्हणून निघाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून तो पुन्हा आवळायचा असतो, आणि मोठ्या उतरणीआधी आणखी एकदा. आम्हाला कुणीही थांबवलं नाही. ओझ्याच्या जनावरांच्या मागच्या मांड्यांमागून जाणारा ब्रिचिंगचा पट्टा आहे का तेही बघा. उतारावर ओझं मानेकडे सरकू नये म्हणून तो असतो. आमच्या दोन घोड्यांना तो नव्हता. ट्रेलहेडवर यातलं काही कमी दिसलं तर तिथेच बोला. दोन दिवस आत गेल्यावर तुमच्या हातात काही राहत नाही.

पैशांचं. करारात "मांस खाली आणणे समाविष्ट" असं लिहिलेलं नव्हतं, फोनवर मात्र "काळजी करू नका" असं ऐकवलं होतं. नर पडल्यावर, फरे झाडाला टांगून झाल्यावर, आम्हाला सांगण्यात आलं की ट्रेलहेडपर्यंतच्या दोन जादा घोड्यांचे 600 डॉलर पडतील. एल्कचा मोठा नर जिवंत असताना तीनशे किलोच्या वर भरतो, हाडं काढून मांस साधारण नव्वद किलो उरतं. ते पाठीवर आणायला दिवसभराच्या वाटेचे किती फेरे होतील याचा हिशेब आउटफिटरलाही माहीत असतो, म्हणूनच हा भाव तिथे सांगितला जातो, घरी नाही. ही सरळ लूट आहे. करारात चार गोष्टी लेखी हव्यातच: मांस आणि शिंगं रस्त्यापर्यंत आणण्याचा खर्च कुणाचा, गाइडमागे शिकारी किती, सोडतीत शिकारीचं लायसन्स मिळालं नाही तर आगाऊ रक्कम परत किती, आणि घोडा जखमी झाला किंवा हवामान बिघडलं तर काय. लेखी द्यायला कां-कूं करणारा माणूस त्याच दिवशी यादीतून काढून टाका.

परवान्याची खातरजमाही करा. वायोमिंगमध्ये आउटफिटर आणि गाइड यांना परवाना देणारं राज्याचं स्वतंत्र मंडळ आहे, त्यांच्याकडे नाव तपासून मिळतं. त्याखेरीज राष्ट्रीय वनात धंदा करायला वनखात्याचा विशेष परवाना लागतो. टीटन वाइल्डरनेस ज्यात येतं त्या ब्रिजर-टीटन नॅशनल फॉरेस्टच्या कार्यालयात फोन करून विचारा, की हा कँप या माणसाच्या नावावर आहे का? दलालाकडून बुकिंग केलं असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण तुम्हाला विकणारा एक आणि नेणारा भलताच असं होतं. जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर मागताना रिकाम्या हाताने परतलेल्यांचे मागा. नर मिळालेला माणूस सगळं माफ करतो. माझ्या मित्रालाच विचारा, तो आज त्या आउटफिटरला चांगलं म्हणतो.

एच-1बी, एल-1 किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांसाठी: संघराज्याच्या कायद्याने तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक आणि काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. एखाद्या राज्याचं वैध शिकार-लायसन्स असणं हा त्याला अपवाद. म्हणजे सरावासाठी रायफल हातात घेण्याआधी लायसन्स खिशात हवं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही अडचण नाही. हंटर सेफ्टीचा कोर्सही लागतो. 1 जानेवारी 1966 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना वायोमिंगमध्ये तो सक्तीचा आहे. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानंतर शिकार बंद असल्याने आपल्यापैकी बहुतेक जण बंदूक पहिल्यांदा इथेच धरतात. तेव्हा कोर्स नुसता उरकू नका. बाकड्यावर रायफल टेकवून दोनशे यार्डांवर गोळी लागली म्हणजे झालं नाही. घोड्यावरून उतरून, धापा टाकत, गुडघ्यावर बसून दीडशेवर मारता आली पाहिजे. आणि घोड्यावर असताना चेंबर रिकामा, हे कुणी सांगायची वाट बघू नका.

अस्वलं. हा ग्रिझलीचा मुलूख आहे. सप्टेंबर 2018 मध्ये याच टीटन वाइल्डरनेसमध्ये, गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी मारलेलं एल्क आणायला गेलेला एक गाइड ग्रिझलीच्या हल्ल्यात मेला. म्हणून आउटफिटरला थेट विचारा: संध्याकाळी नर पडला तर तुमची माणसं काय करतात? आतडी एकीकडे आणि मांस तिथून दूर, लांबून दिसेल अशा उघड्या जागी टांगतात की तसंच सोडून येतात? या बाबतीत आमचा गाइड उत्तम होता, हे मान्य करतो. मांसाकडे जाताना तो लांबूनच ओरडत, दुर्बिणीने बघत, वाऱ्याची दिशा धरून जायचा. बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा तिखट फवारा) स्वतःच्या कमरेला ठेवा, खोगिराच्या पिशवीत अजिबात नको, कारण अस्वल दिसलं की घोडा स्प्रेसकट पळतो.

कँपचे मधले दिवस छान गेले, जेवण चांगलं होतं, लाकडाच्या शेगडीने तंबू उबदार राहायचा. त्यावर जास्त लिहीत नाही. एका दुपारी गाइडने टू ओशन पासजवळचा तो ओढा दाखवला, जो दुभंगून एक धार अटलांटिककडे आणि एक पॅसिफिककडे जाते. तुमचा कँप त्या बाजूला असेल तर वेळ काढून नक्की बघा.

नराचं सांगतो. पहाटे थंडी कडक, गवतावर पांढरं दव गोठलेलं, आणि धारेपलीकडून ती शिट्टी आली, खालून जाड सुरू होऊन वर चिरकत जाणारी. गाइडने मादीचा आवाज काढला. नर झाडीतून बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडातून वाफ निघत होती आणि शिंगांवर चिखल आणि गवत लोंबत होतं. इतकं मोठं जनावर इतक्या जवळून मी कधी पाहिलं नव्हतं. एक गोळी, तीसेक पावलं गेला आणि बसला. मी बराच वेळ त्याच्या मानेवर हात ठेवून होतो.

अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीला संपते आणि राज्याबाहेरच्यांना सोडतीतून लायसन्स मिळतं. साधं आणि स्पेशल असे दोन भाव आहेत. स्पेशलचे पैसे कितीतरी जास्त, पण तिथे अर्ज कमी येतात म्हणून संधी बरी. आउटफिटरशी बोलणी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करा, सीझन नुकताच संपलेला असतो आणि त्याची जुनी गिऱ्हाइकंही फोनवर ताजं बोलतात. जमलं तर उन्हाळ्यात त्याच्या गोठ्यावर एक चक्कर मारा. पाठीवर पांढरे डाग असलेले घोडे फार दिसले तर तिथली खोगिरं नीट बसत नाहीत, जुन्या जखमा भरून आल्यावर तिथे पांढरे केस येतात. टिपेसाठी दहा-पंधरा टक्के रोख बाजूला ठेवा, आणि आउटफिटरच्या हातात एकगठ्ठा न देता गाइड, स्वयंपाकी आणि घोडे सांभाळणारा पोरगा, तिघांना वेगवेगळी द्या.