किल्ल्या सोपवताना

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी ओलांडली, शहरात पाणी शिरले आणि वीज गेली, तेव्हा माझ्या घरात अखंड चालणारा एक छोटा संगणकही बंद पडला. आमच्या सामुदायिक क्रिप्टो नाण्याचा सीड सर्व्हर त्यावर होता. नव्याने वॉलेट घेणाऱ्याला जाळ्यातल्या इतर नोडचे, म्हणजे हे नाणे चालवणाऱ्या संगणकांचे, पत्ते तो देत असे. जुन्या वॉलेटांजवळ ओळखीचे पत्ते साठलेले असल्याने त्यांचे व्यवहार चालू राहिले. नवीन माणूस मात्र पहिल्याच पायरीवर अडकला. कोणा एकावर विसंबावे लागू नये म्हणून जी रचना आम्ही उभी केली, तिचे दार कोल्हापुरातल्या एका घरातल्या विजेवर अवलंबून असावे, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

तरीही नाण्याच्या देखभालीचे प्रत्यक्ष हस्तांतर सुरू व्हायला 2023 ची दिवाळी उलटली. वडिलांनंतर उद्यमनगरातल्या वर्कशॉपची जबाबदारी माझ्याकडे आली होती, आणि दिवसभराच्या कामानंतर रात्री अकराला थकल्या डोळ्यांनी लोकांच्या पैशाशी संबंधित कोड तपासणे योग्य नाही, असे माझे ठाम मत झाले होते. दोन वर्षांहून अधिक काळ नियमित दुरुस्त्या पाठवणारे तिघे जण पुढे आले: इचलकरंजीचा एक तरुण, पुण्यात नोकरी करणाऱ्या एक ताई आणि नाशिकचे एक निवृत्त सर.

रिपॉझिटरीचे, म्हणजे कोड साठवलेल्या जागेचे, अधिकार दिले की काम संपेल, अशी माझी समजूत होती. ताईंनी मात्र ज्या गोष्टी केवळ माझ्याच हातात आहेत त्या सगळ्या वहीत उतरवायला सांगितल्या, आणि बघता बघता दीड पान भरले. डोमेनचे नूतनीकरण माझ्या वैयक्तिक कार्डावरून होत होते. एक चेकपॉइंट, म्हणजे व्यवहारांच्या साखळीतला पक्का धरलेला टप्पा, एका ठरावीक ब्लॉकवरच (व्यवहारांच्या गठ्ठ्यावरच) का घातला, याचे कारण कोडमध्ये कुठेही नोंदलेले नव्हते. आमचा कोड लाइटकॉइनवर बेतलेला आणि लाइटकॉइन 2011 मध्ये बिटकॉइनच्या कोडवरून निघालेले, त्यामुळे जुन्या काळातली इशारा-व्यवस्थाही वारशाने आमच्याकडे आली होती. तिची किल्ली, म्हणजे गुप्त डिजिटल संख्या, ज्याच्याजवळ असेल, तो सर्व वॉलेटांच्या पडद्यावर सूचना झळकवू शकत असे. बिटकॉइनने 2016 मध्येच ही व्यवस्था निवृत्त करत असल्याचे जाहीर केले होते. आमच्याकडे ती तशीच पडून होती आणि किल्ली माझ्या कपाटात होती. ती कोणाला द्यावी यावर आम्ही दोन संध्याकाळी बोललो आणि अखेर कोणालाच न देता तो भागच कोडमधून काढून टाकला.

सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांवर डिजिटल सही करण्याची किल्ली हा सर्वांत नाजूक विषय होता. ती जशीच्या तशी पुढे द्यावी, असे काही जुन्या सदस्यांचे म्हणणे होते. मला ते मान्य नव्हते, कारण एकच किल्ली दोघांकडे गेली की सही नक्की कोणी केली हे कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून तिघांनी आपापल्या नव्या किल्ल्या तयार केल्या आणि यापुढे याच ग्राह्य धराव्यात, अशा निवेदनावर मी माझ्या जुन्या किल्लीने शेवटची सही केली. त्याआधी प्रत्येक किल्लीचा 40 अक्षरांचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळखखूण, आवाज ओळखून, फोनवर पडताळून घेतला. इचलकरंजीचा तरुण चार-चार अक्षरांचे दहा गट वाचत होता आणि मी कागदावर टिकमार्क करत होतो. सहाव्या गटात त्याचा ‘बी’ मला ‘डी’ ऐकू आला. ‘‘दादा, बदकातला बी,’’ तो म्हणाला, आणि डमरूतल्या डीसह आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळे वाचले.

एवढी काळजी कशासाठी, असे काहींनी विचारले. 2018 मध्ये इव्हेंट-स्ट्रीम या मुक्त पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवली, आणि त्यातून कोपे या बिटकॉइन वॉलेटमधल्या किल्ल्या चोरण्यासाठी लिहिलेला कोड आत शिरला. आमचे काम अर्ध्यावर असतानाच, मार्च 2024 मध्ये, एक्सझेड या फाइली आकुंचित करण्याच्या साधनातला छुपा दरवाजा उघडकीस आला. तिथेही नवा मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा, दोन-अडीच वर्षे विश्वास कमावत आलेला होता. त्या आठवड्यात मी तिघांशी मोकळेपणाने बोललो. संशय घेतल्याबद्दल कोणी रागावले नाही. उलट सरांनीच सुचवले की कोणतीही आवृत्ती किमान दोघांनी आपापल्या संगणकावर कोडवरून स्वतंत्रपणे बांधावी आणि दोन्ही फाइलींचे हॅश, म्हणजे फाइलीतल्या मजकुरावरून निघणारे ठसे, तंतोतंत जुळल्याशिवाय ती प्रसिद्ध करू नये.

पहिल्या प्रयत्नात हॅश जुळले नाहीत. फाइलीत बांधणीची वेळ नोंदली जात होती, एवढेच कारण निघाले, परंतु ते सापडायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत मी मुद्दामच काही सुचवले नाही. शोध त्यांनी स्वतः लावावा, अशी माझी इच्छा होती.

देणग्यांचा निधी तीनपैकी दोन सह्या लागणाऱ्या पत्त्यावर हलवला. 1 एप्रिल 2022 पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरातील उत्पन्नावर 30 टक्के कर असल्याने, कर सल्लागाराच्या मदतीने निधी आणि माझी स्वतःची नाणी यांचा हिशेब आधी कागदोपत्री वेगळा केला होता.

सीड सर्व्हर आता पुण्यात आणि नाशिकला आहेत. इचलकरंजी पंचगंगेच्याच काठी असल्याने ते गाव आम्ही वगळले. 2024 च्या जुलैमध्ये नदी पुन्हा धोका पातळीच्या वर गेली, तेव्हा मी घरातला तो संगणक स्वतःच्या हाताने बंद करून माडीवर नेऊन ठेवला. संध्याकाळी लॅपटॉपवर मोबाइलचे इंटरनेट घेऊन कोरे वॉलेट बसवले आणि पाहत राहिलो. थोड्या वेळात इतर नोडशी आठही जोडण्या लागल्या.