नाना तुमचे कोण?

"नाना तुमचे कोण लागायचे?"

हा प्रश्न मला बँकेत विचारला गेला, इस्पितळाच्या काउंटरवर विचारला गेला, भोईवाड्याच्या स्मशानात वहीत नाव लिहून घेणाऱ्या माणसानेही विचारला. अजून कुणी ना कुणी विचारतंच, कारण दर चार वाक्यांनी माझ्या तोंडी "आमचे नाना" येतात. मी सांगते, शेजारी. समोरचा जरा थांबतो. पुढे काहीतरी येईल, मानलेले काका, वडिलांचे मित्र, गाववाले, अशी त्याची अपेक्षा असते. तसं काही नाही. लालबागच्या आमच्या चाळीत दुसऱ्या माळ्यावर जिन्यापासून पाचवी खोली आमची, सहावी त्यांची. मधली भिंत एक. आता तुम्ही विचारलंत म्हणून जरा बैजवार सांगते.

नाना बेस्टमध्ये कंडक्टर. १९६२ साली लागले ते ट्रामवर, आणि दोन वर्षांत ट्रामच बंद झाली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईची शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. बेस्टच्या त्या पिढीतला जो जो माणूस मला भेटला, तो त्या ट्रामवर होता. एका ट्रामवर एवढी माणसं मावली कशी देव जाणे. नाना एकटे सांगायचे, "मी नव्हतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची ड्यूटी होती, घरी झोपलेलो." आम्ही पोरं हिरमुसायचो. अहो नाना, निदान रस्त्यावर जाऊन बघितली तरी असेल? "पहाटे साडेतीनला उठायचं होतं." विषय संपला.

हे आधी सांगायचं कारण असं की, त्यांच्या माघारी लोक त्यांना देवमाणूस म्हणतात. मोठ्या मनाचे होते, हात सैल होता, पैशाकडे कधी बघितलं नाही. ऐकून मला हसू येतं. नानांनी पैशाकडे बघितलं नाही? पाच पैशांचं नाणं घरंगळत मोरीत गेलं तर काकूंना दिवा धरायला लावून ते शोधणारा माणूस तो!

त्या नोकरीचं वळणही तसंच होतं. हातात किमतीप्रमाणे लावलेल्या तिकिटांची पेटी, तिकिटाला भोक पाडायचा पंच, खांद्याला चामड्याची पिशवी. दिवसभर माणसांच्या रेट्यात उभं राहून सुट्टे द्यायचे-घ्यायचे आणि ड्यूटी संपली की डेपोत वेबिलाप्रमाणे, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या नोंदीप्रमाणे, रोकड भरायची. तूट आली तर खिशातून. तूट वाईट, हे कुणीही सांगेल. नाना म्हणायचे, वाढ त्याहून वाईट. तूट म्हणजे आपलं गेलं, मिटलं. वाढ म्हणजे कुणाचं तरी आपल्याकडे आलंय आणि ते कुणाचं हे आता कधी कळायचं नाही. रोकड वाढली त्या रात्री त्यांना जेवण जायचं नाही, असं काकू सांगायच्या.

आमच्या आजीचा किस्सा चाळीत गाजलेला. आजी मालवणकडची, तोंडाने फटकळ. मी चारेक वर्षांची असेन. केईएमला कुणालातरी बघून आम्ही दोघी बसमध्ये चढलो, तर बसवर नाना. आजी खुशीत. शेजारचा कंडक्टर म्हणजे आपली घरचीच गाडी. नाना आले, पंच वाजवला टिक टिक, म्हणाले, "मावशी, पंधरा पैसे." आजीला वाटलं थट्टा करतोय. नाना तसेच उभे. भर गर्दीत आजीने आवाज चढवला, "शेजारणीकडे तिकीट मागतंस? तुका लाज कशी वाटणा नाय?" सगळी बस वळून बघायला लागली. नानांनी काय करावं? सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला, तो त्यांचा स्वतःचा खिसा. त्यातले पंधरा पैसे काढून चामड्याच्या पिशवीत टाकले, तिकीट फाडलं, पंच केलं, आजीच्या हातात दिलं आणि पुढे गेले.

इथे थांबले असते तर देवमाणूस म्हणायला माझी हरकत नव्हती. संध्याकाळी ड्यूटीवरून आले ते थेट आमच्या दारात. "मावशी, माझे पंधरा पैसे."

आजीने दिले नाहीत. देणारही नव्हती. मग दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन आले की नाना विचारायचे, मावशी, ते पंधरा पैसे? आणि आजी म्हणायची, "मेल्या, चकली खा आणि गप ऱ्हव."

मला आकडेमोड शिकवली नानांनी. मी आज एका कंपनीत हिशेबखात्यात आहे, त्याचं मूळ १२३ नंबरच्या डबलडेकरमध्ये. ही बस आर. सी. चर्चहून मरीन ड्राइव्हवरून ताडदेवला यायची. डबलडेकरला कंडक्टर दोन, एक खाली, एक वर. एका रविवारी नाना वरचे कंडक्टर होते आणि त्यांनी मला बरोबर नेलं, अर्थात अर्धं तिकीट काढून. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळाली. समोर काच, उजवीकडे इमारती, डावीकडे समुद्र, आणि वारा असा की वेणीतली रिबीन सुटून गेली. नाना मधूनच येऊन विचारायचे, "चाळीसची सात आणि तीसची अकरा, किती झाले?" मी समुद्र बघू की गुणाकार करू! उत्तर चुकलं तर ते रागवायचे नाहीत, नुसतं "परत" म्हणून निघून जायचे. ताडदेव येईपर्यंत परत, परत, परत.

चाळीच्या गणपतीचे ते कितीतरी वर्षं खजिनदार. आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाखोंची रांग लागायची ती दुसऱ्या, मोठ्या गणपतीला. आमचा तीन फुटांचा. पण त्या तीन फुटांचा हिशेब नाना अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी उभं राहून वाचायचे. कापूर दोन रुपये साठ पैसे. सुतळी एक रुपया दहा. लोक जांभया द्यायचे, पोरं पळून जायची. एकदा एक पुढारी नोटांचं पाकीट घेऊन आले आणि म्हणाले, पावतीवर नाव नको. नाना म्हणाले, मग पैसेही नकोत. त्या वर्षी ऑर्केस्ट्रा झाला नाही आणि चाळीतली तरणी मंडळी महिनाभर नानांशी बोलली नाहीत. मीसुद्धा.

आता संपाचं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझे बाबा गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत, त्यांच्यावर सगळ्यांचा भरवसा होता, दोन-तीन महिन्यांत मिटेल म्हणायचे. आमच्या माळ्यावर चौदा खोल्या, त्यातल्या नऊ गिरणीवर जगणाऱ्या. पहिले दोन महिने डब्यातलं पुरलं. मग आईच्या पाटल्या गेल्या. मग काही घरांनी गावचा रस्ता धरला. भोंगे थांबले तर चाळीला वेळ कळेनाशी झाली, असं सगळे सांगतात. मला आठवतं ते वेगळंच. दिवसाढवळ्या पुरुष घरात असायचे, आणि त्यांना कुठे बसावं ते कळायचं नाही.

मार्चमध्ये एका रात्री नाना आमच्याकडे आले. हातात दोनशे पानी वही. बाबांसमोर बसले आणि म्हणाले, "महिन्याला किती कमी पडतात?" बाबा गप्प. मग म्हणाले, नको, होईल काहीतरी. नाना म्हणाले, "मी देत नाहीये. लिहून ठेवणार आहे. परत घेणार आहे. सही करायची." बाबांनी मान वर करून बघितलं, ते मला अजून दिसतं. आई आत स्टोव्हला पिन मारत होती, ती थांबली.

बाबांनी सही केली. फुकट दिले असते तर त्यांनी घेतले नसते, आम्ही उपाशी राहिलो असतो तरी. गिरणीतल्या माणसाचा ताठा काय असतो ते ज्याने बघितलंय त्याला हे सांगायला नको. नानांना ते ठाऊक होतं की त्यांचा स्वभावच तेवढा कोरडा होता, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, दोन्ही. बरं, एकट्या नानांच्या पगारात हे भागत नव्हतं. काकू रात्री दोन-दोन वाजेपर्यंत लोकांची पोलकी शिवायच्या, त्या मशीनचा आवाज भिंतीतून यायचा. देवमाणूस म्हणणाऱ्यांना काकू आठवत नाहीत.

चार घरं होती त्या वहीत. आमच्या पानावर रेशन, माझ्या शाळेची फी, आजीचा चष्मा. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, नुसता विरत गेला. बाबांना गिरणीत परत घेतलं नाही. १९८४ मध्ये ते फोर्टला एका इमारतीत वॉचमन झाले आणि फेड सुरू झाली. कधी वीस, कधी पन्नास. नाना दर वेळी घ्यायचे. एकदाही राहू दे म्हणाले नाहीत. एकूण दोन हजार तीनशे दहा रुपये, शेवटचा हप्ता १९८९ च्या दसऱ्याला. त्या दिवशी बाबांनी नवा शर्ट घातला होता. नानांनी पानावर तिरकी रेघ मारली, "चुकते" लिहिलं, दोघांच्या सह्या झाल्या. रात्री दार वाजलं. नाना. "बेरीज परत केली. पाच रुपये जास्त आलेत तुमचे." पाच रुपये ठेवून गेले. बाबा कितीतरी वेळ ती नोट हातात धरून बसले होते. मग मला म्हणाले, जा, सगळ्यांना भजी आण.

याच स्वभावाने त्यांनी एक वाईट गोष्टही केली, ती लपवत नाही. गावच्या काजूच्या हिशेबावरून सख्ख्या भावाशी बिनसलं. रक्कम फार नव्हती. भावाने कागद दाखवला नाही एवढंच. नाना वीस वर्षं गावाला गेले नाहीत आणि भाऊ वारला तेव्हाही गेले नाहीत. काकू रडून सांगत होत्या. मी तेव्हा मोठी होते, मीही सांगितलं. ऐकलं नाही. पुढे त्यांना त्याचं काय वाटलं, ते त्यांनी कधी काढलं नाही.

१९९६ ला निवृत्त झाले. त्यांचा पंच आठवण म्हणून तुमच्याकडे आहे का, असंही मला लोक विचारतात. कसा असेल? पंच डेपोचा. जमा केला.

काकू गेल्यावर ते एकटे. मूलबाळ नव्हतं. मी लग्न होऊन परळलाच गेले होते, दहा मिनिटांवर, त्यामुळे डबा, औषधं, पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला हे माझ्याकडे आलं. डब्याचे पैसे द्यायचे. मी घ्यायचे. न घेऊन सांगते कुणाला? २०१८ च्या डिसेंबरात त्यांना इस्पितळात नेलं तेव्हा फॉर्ममध्ये "रुग्णाशी नाते" असा रकाना होता. मी "मुलगी" लिहायला गेले. नाना स्ट्रेचरवर, दम लागलेला, पण नजर कागदावर. "शेजारी लिही," म्हणाले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, बाई, नातेवाईक लागतो. नाना म्हणाले, "नातेवाईक नाहीये. शेजारी आहे. शेजारी लिही." मी लिहिलं. पुढच्या महिन्यात भोईवाड्यात तेच लिहिलं.

आजीचं राहिलं. आजी १९९४ ला गेली. तेराव्याला नाना जेवायला आले तेव्हा आईने, रडता रडता हसत, त्यांच्यापुढे चार आणे ठेवले. म्हणाली, नाना, सासूबाईंचे पंधरा पैसे घ्या, दहा परत द्या. नानांनी नाणं मागे सारलं. "ते मावशींकडून येणं आहे. तुमच्याकडून कसं घेऊ?"

मग ३० जून २०११ नंतर चार आणे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातून बाद झाली. त्या रविवारी डबा घेऊन गेले तर नाना पेपर पुढ्यात ठेवून बसले होते. बातमीवर बोट ठेवून म्हणाले, "आता मावशी सुटल्या."