लाय, ले आणि पडलेले झाड

जुन्या दफ्तराविषयीच्या एका इंग्रजी टिपणात, कागद कित्येक वर्षे पेटीत पडून होते, हे सांगताना मी 'लेड' (laid) लिहिले होते. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंनी त्यावर तांबड्या शाईने काट मारून वर 'ले' (lay) लिहिले. भूतकाळाच्या वाक्यात यांनी वर्तमानकाळ घुसडला, अशा समजुतीने मी ती दुरुस्ती तावातावाने रद्द केली. चूक अर्थातच माझी होती.

'लाय' (lie) म्हणजे आडवे होणे किंवा पडून असणे. 'ले' म्हणजे ठेवणे, अंथरणे, आडवे करणे. पहिले अकर्मक, दुसरे सकर्मक. गवंडी विटा 'ले' करतो, कोंबडीही अंडी 'ले' करते. दमलेला माणूस मात्र 'लाय' करतो. इथवर अवघड काही नाही. घोटाळा रूपांत आहे: पहिल्याची रूपे लाय, ले, लेन आणि दुसऱ्याची ले, लेड, लेड, म्हणजे एकाचा भूतकाळ तोच दुसऱ्याचा वर्तमानकाळ. खोटे बोलणारा 'लाय' आणखी निराळा. त्याचा भूतकाळ 'लाइड' असा सरळ होतो.

वास्तविक आपल्याला हे जड जाऊ नये, कारण निजणे आणि निजवणे, पडणे आणि पाडणे या जोड्या मराठी मूल शाळेत जाण्याआधीच बिनचूक वापरते. इंग्रजीतले 'ले' हेही मुळात 'लाय'चे प्रयोजक रूपच आहे, आणि 'सिट' व 'सेट', 'राइझ' व 'रेझ' याही त्याच जुन्या जर्मानिक घडणीच्या जोड्या आहेत. मला सर्वांत आवडते ती 'फॉल' (fall) आणि 'फेल' (fell) ही जोडी. पावसाळ्यात पुण्यात गल्लीतले झाड पडले की आपण पडले म्हणतो आणि रस्तारुंदीसाठी कुणी तोडले की पाडले म्हणतो; इंग्रजीत पडल्याचा भूतकाळ 'फेल' आणि पाडणे या क्रियापदाचे मूळ रूपही 'फेल'च. तिथेही तोच सापळा आहे, फक्त पाडण्याचा भूतकाळ 'फेल्ड' होत असल्यामुळे आणि तो शब्द रोजच्या बोलण्यात फारसा येत नसल्यामुळे कोणी त्यात अडकत नाही.

आमच्या योगवर्गात शवासनाच्या वेळी 'ले डाउन' अशी आज्ञा होते. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना सर्रास असेच म्हणतात, म्हणून मी तिथे व्याकरण काढत नाही, मुकाट्याने आडवा होतो. छापायच्या मजकुरात मात्र कर्म आहे की नाही, एवढे पाहिल्याशिवाय आता पुढे जात नाही.