तळमजल्यावरची आठवी

आज ऐरोलीतील एका शाळेच्या पालकसभेस उपस्थित होतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या एका विद्यार्थ्यासाठी मुख्याध्यापिकांनी आठवीचा अख्खा वर्ग दुसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणला आहे. काही पालकांनी कुरकुर केली, तेव्हा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील कलम 16 नुसार इमारत सर्वांना वापरता येईल अशी ठेवणे मान्यताप्राप्त शाळांवर बंधनकारक आहे, हे त्यांनी शांतपणे सांगितले. रॅम्प अनुदानातून होतो (अनुदान वेळेवर आले तर!), परंतु विशेष शिक्षक आणि वर्गशिक्षक यांना एकत्र बसून नियोजन करण्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवणे मुख्याध्यापकांच्याच हाती असते आणि माझ्या मते बहुतेक ठिकाणी नेमके तेच राहून जाते. इथे तो तास शुक्रवारी असतो. लेखनिकाची आणि परीक्षेतील वाढीव वेळेची कागदपत्रेही मुख्याध्यापिका जूनमध्येच मागवून घेतात.